नोव्हेंबर संपू दे, मग करार: नेब्रास्काच्या क्रीडासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडासंचालक,
नेब्रास्का विद्यापीठ, लिंकन.

स. न. वि. वि.

हंगाम संपल्यापासून तुमच्याकडे पत्रांचा ढीग साचला असणार. त्यातली बरीचशी इंग्रजीत असतील आणि बरीचशी छापण्याच्या लायकीची नसतील. मी मराठीत लिहितोय, कारण एक तर राग काढायला आपलीच भाषा बरी पडते. शिवाय ओमाहा-लिंकनमध्ये लाल टी-शर्ट घालून दर शनिवार वाया घालवणारी मराठी माणसं मोजायला बसलात, तर तुमच्या अंदाजाबाहेर निघतील. कुणी अकोल्या-राहुरीच्या कृषी विद्यापीठांतून इथे पुढचं शिकायला आलं, कुणी विमा कंपन्यांच्या आयटीत नोकरीला. आलो तेव्हा फुटबॉल पायाने खेळतात एवढीच आमची समजूत होती. आता आमच्या घरातल्या आजीबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या तरी तिसऱ्या आठवड्यात विचारतात, ‘आज पुन्हा पंटच करणार का रे हे?’ (पंट म्हणजे पुढे जाता येत नाही म्हणून बॉल लाथेने समोरच्याकडे सोपवून देणं.)

पहिल्यांदाच सांगून टाकतो, कोचला काढा म्हणायला मी हे लिहीत नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग मला कळतो. माझी तक्रार मुख्य कोच मॅट रूल यांच्याबद्दल जेवढी आहे, त्याहून जास्त तुमच्या कार्यालयाच्या एका सवयीबद्दल आहे: हंगाम संपायच्या आधीच कोचचा करार वाढवून टाकायचा. ती सवय तुमच्या आधीच्यांचीही होती.

पुण्या-नागपुरात हे वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो, तोवर तुम्ही चहा घ्या.

नेब्रास्का हे मक्याचं आणि गुरांचं राज्य. वस्ती सगळी मिळून वीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या नागपूर शहरातही त्याहून जास्त माणसं राहतात. इथे व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचा संघ, हस्कर्स. लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक मॅचची सगळी तिकिटं विकली गेली आहेत. पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं एका जागी जमतात, आणि तेवढ्या दुपारपुरतं ओमाहा आणि लिंकनच्या खालोखाल राज्यातलं तिसरं मोठं गाव म्हणजे ते स्टेडियम. पाच राष्ट्रीय विजेतेपदं: १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. टॉम ऑस्बोर्न १९७३ पासून पंचवीस हंगाम कोच होते आणि त्यातल्या एकाही हंगामात संघाने नऊपेक्षा कमी मॅच जिंकल्या नाहीत. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरीत. कॉन्फरन्सचं, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाचं, शेवटचं विजेतेपद १९९९ सालचं. आज संघात असलेल्या बहुतेक पोरांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला पाठ असेल, पण सलग वाचलं की त्याची मजा वेगळीच येते.

ऑस्बोर्न यांच्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच आले. सहा हंगामांत ५८ जिंकले, १९ हरले. २००३ मध्ये नऊ जिंकून तीन हरल्यावर त्यांना काढलं, का तर संघ सामान्य होत चालला म्हणून. सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि तिथल्या कॉन्फरन्सच्या इतिहासातले सर्वाधिक विजय मिळवणारे कोच होऊन निवृत्त झाले. आपण बिल कॅलाहान यांना आणलं. पहिल्याच वर्षी पाच-सहा. विजयांपेक्षा पराभव जास्त, असा १९६१ नंतरचा पहिला हंगाम. २००७ मध्ये कॅन्ससने आपल्यावर ७६ गुण चढवले, आणि त्याच वर्षी कॅलाहानही गेले. मग बो पेलिनी: सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय, जवळजवळ दर वर्षी चार पराभव, आणि बाजूने आरडाओरडा. २०१४ मध्ये तेही नऊ-तीनवर असताना गेले. मग माइक रायली, एकोणीस जिंकले, एकोणीस हरले. मग घरचाच मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, स्कॉट फ्रॉस्ट. गावोगाव फलक लागले होते. सोळा जिंकले, एकतीस हरले.

फ्रॉस्ट यांच्याबद्दल दोनच गोष्टी, कारण मुद्दा तिथेच आहे. २०१९ मध्ये संघ चार जिंकून पाच हरलेला असताना, हंगाम चालू असताना, त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला. का वाढवला हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. पुढे २०२१ मध्ये नऊ मॅच हरलो, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. २०२२ च्या पहिल्याच मॅचला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांनी पुढे असताना त्यांनी ऑनसाइड किक मारायला लावली, म्हणजे समोरच्याला बॉल लांब द्यायच्या ऐवजी जवळच टाकून आपणच तो झडपायचा प्रयत्न. फसला. मॅचही गेली. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये येऊन ४५-४२ असं हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कोचला नारळ मिळाला. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरची निम्मी झाली असती. तीन आठवडेही धीर धरवला नाही. करार वाढवायची घाई, आणि मोडायचीही घाई.

आता रूल. नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांचा, सात कोटी चाळीस लाख डॉलरचा करार. माणूस शहाणा बोलतो, पोरांची काळजी घेतो, आणि त्यांच्या हिशेबात जमेची बाजूही आहे, ती आधी मांडतो. २०१६ नंतर थेट २०२४ मध्ये आपण बाउलला, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या मॅचला, गेलो, तिथे बॉस्टन कॉलेजला २०-१५ हरवलं. २०२५ च्या हंगामात सिनसिनाटी, मेरीलँड, नॉर्थवेस्टर्न अशा हातातून निसटू शकल्या असत्या त्या मॅच आपण राखल्या. फ्रॉस्टच्या काळात त्या नक्की गेल्या असत्या. हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण मग नोव्हेंबर येतो.

२०२३: ऑक्टोबर संपला तेव्हा पाच-तीन. चारपैकी एक जिंकली की बाउल. मिशिगन स्टेटविरुद्ध तीन गुणांनी हरलो, मेरीलँडविरुद्ध तीन गुणांनी, विस्कॉन्सिनविरुद्ध जादा वेळेत, आयोवाविरुद्ध तीन गुणांनी. चारही गेल्या. २०२४: सुरुवात पाच-एक. नोव्हेंबरात चारपैकी एक जिंकली. २०२५: पुन्हा सुरुवात पाच-एक. नोव्हेंबरात पुन्हा चारपैकी एक. तीन वर्षांचे मिळून बारा सामने, दोन विजय. या हिशेबाला कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि तुमच्या कार्यालयात तो कुणी केला नसेल असं मी मानत नाही.

नोव्हेंबरच का, याचं उत्तर माझ्या शेजारच्या सीटवर बसतं. नेब्रास्कातल्याच यॉर्ककडचे एक म्हातारे शेतकरी आहेत. मक्याची कापणी आटोपली की यायला लागतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला नेमका हंगामाचा वाईट भागच येतो. मांडीवर एक छोटी वही, पेन्सिलीला दोरी बांधलेली. प्रत्येक डाउन, म्हणजे प्रत्येक प्रयत्न, लिहितात: कितवा, किती यार्ड राहिले, काय झालं. हा खेळ न पाहिलेल्यांसाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल गेला. पहिल्या दोन प्रयत्नांत सहा-सात यार्ड काढले तर तिसरा सोपा. क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आधीच त्याला कुणी आडवं पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात, आणि मग तिसऱ्या प्रयत्नाला सतरा-अठरा यार्ड समोर उभे राहतात. म्हाताऱ्यांच्या वहीत अशा ओळींना बाजूला एक फुली असते. आयोवाच्या मॅचला मी वाकून पाहिलं, तर पानाच्या कडेला नुसत्या फुल्या. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, ‘लाइन.’ एवढंच.

बरोबर बोलले. वारा असतो, थंडी असते, बॉल निसरडा होतो, आणि दोन महिने मार खाल्लेली पोरं दुखणी घेऊन उभी असतात. अशा वेळी हुशारीचे पास चालत नाहीत. समोरच्याला ढकलून तीन-चार यार्ड काढणारी ओ-लाइन लागते, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे ते पाच धिप्पाड गडी. याच लाइनसाठी हे विद्यापीठ देशभर ओळखलं जायचं. गेल्या हंगामात मिशिगनने आपल्या क्वार्टरबॅकला सात वेळा पाडलं, मिनेसोटाने नऊ वेळा. मिनेसोटाची ती मॅच २४-६ अशी गेली. आणि १ नोव्हेंबरला यूएससीविरुद्ध त्याच पोराचा पाय मोडला.

मग सबब तयारच होती: क्वार्टरबॅकच नव्हता, करणार काय. अहो, पण तो मार काय आभाळातून पडला? सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्याला जवळजवळ दर शनिवारी जमिनीवर आपटलं जातंय, त्याला नोव्हेंबरात काहीतरी होणारच, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तर तोच क्वार्टरबॅक धडधाकट होता. तेव्हा काय झालं होतं?

तेव्हा आयोवा झालं होतं. आयोवाचं मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आमच्याकडे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीची ती मॅच म्हणजे सणावाराला होणाऱ्या घरगुती भांडणासारखी असते, आणि दर वेळी हरणारी बाजू ठरलेली. २०२३: दहा-दहा बरोबरी, शेवटचं अर्धं मिनिट, बॉल आपल्याकडे. आपण पास टाकला, तो त्यांनी पकडला, आणि वेळ संपता संपता किक मारून १३-१०. २०२४: पुन्हा दहा-दहा बरोबरी, पुन्हा शेवटची काही सेकंदं, पुन्हा बॉल आपल्याकडे. क्वार्टरबॅकला पाडलं, बॉल सुटला, तो त्यांनी उचलला, आणि ५३ यार्डांवरून किक. १३-१०. गुण तेच, रीत तीच. पहिल्या वेळी पोरांच्या हातून चूक झाली म्हणा. दुसऱ्या वेळी, त्याच जागी, त्याच वेळेला, तोच धोका समोर दिसत असताना घड्याळ कसं वापरायचं हे कुणी ठरवलं होतं? हा प्रश्न पोरांना विचारायचा नसतो. २०२५ मध्ये तेवढं ताणायचीही गरज पडली नाही. आपल्याच मैदानावर १६-४०. त्या दिवशी आपला रनिंगबॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा गडी, दोनशेच्या वर यार्ड धावला. एकट्याने. तरी १६-४०. मॅच संपायच्या आधीच पायऱ्यांवर गर्दी झाली होती, आणि तरीही कोपऱ्यात थांबलेल्या मंडळींनी रिवाजाप्रमाणे पाहुण्या संघाला टाळ्या वाजवून आत जाऊ दिलं. या लोकांचा अंत किती पाहायचा?

२०१५ पासूनच्या अकरा मॅचपैकी दहा आयोवाने जिंकल्या आहेत. आपण जिंकलो ती एकच, २०२२ ची, आणि तेव्हा बाजूला उभे होते हंगामी कोच मिकी जोसेफ. तिकडे आयोवात १९९९ पासून एकच कोच आहे, कर्क फेरेंट्झ. त्यांचा खेळ पाहायला कंटाळवाणा, त्यांच्या ऑफेन्सवर, म्हणजे चढाईच्या खेळावर, देशभर विनोद होतात. पण आपल्या चुकीची वाट पाहत ते साठ मिनिटं शांत बसू शकतात. त्याच काळात आपण सहा कोच पाहिले, जोसेफ धरले तर सात. एखाद्या बाउलपुरते उभे केलेले वेगळेच.

यावर तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आम्ही रूल यांना धरून ठेवतोय. अगदी योग्य. धरून ठेवायला माझी ना नाही. पण कधी आणि कसं?

३० ऑक्टोबर २०२५. तारीख मी मुद्दाम लिहितोय. त्या महिन्यात पेन स्टेटने आपला कोच काढला होता, रूल तिथलेच माजी विद्यार्थी आणि माजी खेळाडू, त्यामुळे ते तिकडे जाणार अशी हवा सगळीकडे उठली. तुम्ही करार दोन वर्षांनी वाढवून २०३२ पर्यंत नेलात. नोव्हेंबर सुरू व्हायला दोन दिवस बाकी. पीक उभं आहे, अजून कापणीही नाही, आणि आपण अडत्यासारखे शेतावर जाऊन पूर्ण भाव मोजून मोकळे! पुढे काय निघालं ते सांगितलंच. त्यातही २२ नोव्हेंबरला ज्या पेन स्टेटच्या भीतीने हे केलं, त्याच पेन स्टेटने, हंगामात तोवर जेमतेम चार मॅच जिंकलेल्या संघाने, हंगामी कोचच्या हाताखाली आपल्याला ३७-१० हरवलं. मग आयोवा. मग लास व्हेगासच्या बाउलमध्ये यूटाने ४४-२२. सात-सहा. आदल्या वर्षीही सात-सहाच होते.

भीतीपोटी केलेला करार महाग पडतो, हे या विद्यापीठाला मी सांगायची गरज नाही. २०१९ चा कागद अजून कुठल्या तरी कपाटात असेल.

हंगामानंतर डिफेन्सचा कोऑर्डिनेटर (बचावाची आखणी करणारा कोच) बदलला, ओ-लाइनचा कोच बदलला. बरं केलं. पण जरा मागे पाहा: २०२४ च्या नोव्हेंबरात ऑफेन्सची सूत्रं मार्कस सॅटरफील्ड यांच्याकडून काढून डॅना होल्गरसन यांच्याकडे दिली. डिफेन्स आधी टोनी व्हाइट यांच्याकडे, मग जॉन बटलर यांच्याकडे, आता तिसऱ्याकडे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने दर वर्षी नवी भाषा शिकायची आणि नोव्हेंबरात ती न अडखळता बोलायची, ही अपेक्षा जास्त नाही का? मुख्य कोच तसाच राहिला पण खालचं सगळं हलत राहिलं, तर त्याला मी तरी स्थैर्य म्हणणार नाही.

पैशांची सबब आता नको. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंमध्ये वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटता येतात, आणि आपलं विद्यापीठ त्यात कुणापेक्षा गरीब नाही. चाहत्यांचीही सबब नको, त्यांनी १९६२ पासून आपलं काम केलंय. आणि ‘छोटं राज्य, पोरं यायला तयार नसतात’ हे तर अजिबात नको. त्याच आवारात व्हॉलीबॉलचा संघ आहे. जॉन कुक यांनी पंचवीस हंगामांत चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या मुलींची मॅच फुटबॉलच्या मैदानावर ठेवली तर ९२,००३ माणसं आली, महिलांच्या खेळातला जगातला विक्रम. त्याही त्याच थंडीत राहतात. (माझ्या मुलीने फुटबॉल कधीच सोडला. ती व्हॉलीबॉल बघते आणि आमच्याकडे कीव केल्यासारखी पाहते.)

एक आकडा अजून. क्रमवारीतल्या पहिल्या पंचवीसमधल्या संघाला आपण शेवटचं हरवलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये, ऑरेगॉनला. तेव्हा मी नवा होतो आणि असं दर वर्षी होत असेल असं धरून चाललो होतो.

तर मागण्या सांगतो. फार नाहीत, आणि एकीलाही पैसे लागत नाहीत.

हंगाम चालू असताना, शेवटची मॅच होईपर्यंत, मुख्य कोचच्या कराराला हात लावायचा नाही. हा तुमच्या कार्यालयाचा लेखी नियम असू द्या, म्हणजे तुमच्या खुर्चीवर उद्या दुसरं कुणी आलं तरी तो टिकेल. कोच सोडून जाईल ही भीती असेल तर जाऊ द्या. जो ऑक्टोबरच्या हिशेबावर जातो तो नोव्हेंबरात आपल्या काय उपयोगाचा होता, हे तीन वर्षं आपण पाहिलंच आहे.

दुसरं, डिसेंबरात एकदा कोचने सीझन-तिकीटवाल्यांसमोर बसून उत्तरं द्यावीत. पत्रकार परिषदेतली गोड उत्तरं नकोत. शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट कोण ठरवतं, पास की रन हे कोण ठरवतं, आयोवाविरुद्ध दोन वर्षं तेच का झालं, लाइनमध्ये कोण बदललं आणि का. यॉर्कचे म्हातारे वही घेऊन येतील, त्यांची जागा पुढच्या रांगेत ठेवा.

तिसरं थोडं नाजूक आहे. पोरांवर ढकलू नका. हरल्यावर ‘अंमलबजावणीत कमी पडलो’ असं म्हणण्याची एक पद्धत सगळीकडेच पडली आहे. ऐकायला सभ्य वाटतं, पण त्यात बोट खेळाडूकडे जातं. बॉल सोडणारं पोर परवापर्यंत कुठल्या तरी गावच्या शाळेत खेळत होतं, आणि चूक झाल्यावर त्याचं काय होतं ते सोशल मीडियावर उघड दिसतं. पगार ज्यांना मिळतो त्यांनी ऐकून घ्यावं.

पुढच्या ऑक्टोबरात समजा आपण पुन्हा पाच-एक किंवा सहा-एक आहोत, कुठलं तरी मोठं विद्यापीठ कोच शोधतंय, आणि एजंटचा फोन तुमच्याकडे येतो. त्याला नम्रपणे सांगा, अजून पाच-सहा मॅच बाकी आहेत, त्यातली एक आयोवात आहे, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कार्यालय उघडं असतं, तेव्हा या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक माजी विद्यार्थी, ओमाहा
(सीझन-तिकीट अजून चालू आहे)